नागराज कुणी काढला?

तर झालं असं. मागच्या आठवड्यात भाची शाळेतून एक फॉर्म घेऊन आली. सातवीत आहे. आमच्या हिंजवडी, माण, मारुंजी पट्ट्यातल्या शाळांसाठी चित्रकला स्पर्धा आहे, विषय 'माझ्या गावाचा सुपरहिरो'. पहिलं बक्षीस पाच हजार रुपये आणि एक सायकल. जिंकलेलं पात्र आयोजक पुढे आपला मॅस्कॉट म्हणून वापरणार. आयोजक कोण ते इथे लिहीत नाही. भांडण लावायचं नाहीये, आणि त्यांनी मुद्दाम काही केलंय असंही मला वाटत नाही.

भाचीचं पात्र तयारच होतं. नाव 'खड्डेश्वरी'. पिवळा रेनकोट, पायात गमबूट, कमरेला मोठी पिशवी. रस्त्यातला खड्डा ती पोळीसारखा गुंडाळते आणि पिशवीत टाकते. पिशवी भरली की ज्याने रस्ता केला त्याच्या दारात नेऊन उलगडते. एका पानावर ती भूमकर चौकात एका हाताने बस उचलून उभी आहे आणि बसमधले लोक खिडकीतून मोबाइलवर तिचा फोटो काढतायत. मी हसून हसून बेजार. त्यातही एक गोष्ट बघून मी जरा गप्प झालो. बस उचलताना तिचं वजन मागच्या पायावर आहे. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली होती.

"दादा, इथे पालकांची सही हवीये, कर ना," बहीण म्हणाली. दाजी रात्री नऊशिवाय घरी येत नाहीत (फेज थ्री, सांगायला नको). मी पेन घेतलं आणि सवयीने खाली बारीक अक्षरातलं वाचायला लागलो. कलम सात. सहभागी विद्यार्थ्यांच्या सर्व चित्रांचे व पात्रांचे सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांकडे राहतील, नावाचा उल्लेख करणे बंधनकारक राहणार नाही. सगळ्या चित्रांचे बरं का, फक्त जिंकणाऱ्याच्या नव्हे.

मी सही केली नाही. बहीण चिडली. का केली नाही हे तिला धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. थोडं लांबेल.

मी हिंजवडीचाच. आयटी पार्कच्या आधीचा. पाचवी-सहावीत होतो तेव्हा इथे ज्वारी होती, ऊस होता आणि दिवसातून मोजक्या एसट्या. चिंचवड स्टेशनजवळ एक रद्दीवाला कॉमिक्स भाड्याने द्यायचा, दिवसाला आठ आणे. आम्ही तिघं मित्र पैसे काढून शनिवारी चार-पाच आणायचो आणि सोमवारी परत. हिंदी मी शाळेत कमी आणि नागराजकडून जास्त शिकलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नागराज म्हणजे हिरव्या अंगाचा, शरीरात साप बाळगणारा आपला देशी सुपरहिरो. दिल्लीच्या राज कॉमिक्सने तो १९८६ मध्ये आणला. प्रोफेसर नागमणी नावाचा खलनायक त्याला दहशतवाद्यांना भाड्याने द्यायचं हत्यार म्हणून तयार करतो, आणि बाबा गोरखनाथ त्याला त्यातून सोडवतात. तेव्हा ही गोष्ट भारी वाटायची. आज वाचली की पहिल्या भागातलं 'भाड्याने द्यायचं हत्यार' जास्त लक्षात राहतं.

तो नागराज काढला पुण्यातल्या माणसाने, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. प्रताप मुळीक. पहिला अंक त्यांचा, आणि पुढे १९९५ पर्यंत सुमारे पन्नास अंकांवर त्यांचा हात. त्याआधी अमर चित्र कथेतलं 'शिवाजी' त्यांनी काढलेलं. त्याची संहिता भा. रा. भागवतांची. हो, तेच फास्टर फेणेवाले. म्हणजे फास्टर फेणेचा बाप लिहितोय आणि नागराजचा बाप काढतोय, आणि ते पुस्तक देशभरातली पोरं इंग्रजीतून वाचतायत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमिताभ बच्चनला सुपरहिरो केलेलं कॉमिक आलं होतं, 'सुप्रीमो'. गॉगल, घट्ट सूट, सोबत शाहीन नावाचा ससाणा. त्याच्या संहितांवर गुलजारांची नजर होती. चित्रं? पुन्हा मुळीकच. महाराज, बच्चन, नागराज. एकाच माणसाच्या ब्रशमधून.

नागराजचे पहिले अंक नीट बघा. तो अमेरिकन हिरोसारखा अंगावर येत नाही. तो उभा राहतो अमर चित्र कथेतल्या राजासारखा, छाती पुढे, मान ताठ, कपड्याच्या जागी अंगावर खवले. गुंड मात्र सरळ हिंदी सिनेमातले. मागे इमारती थोडक्यात उरकलेल्या, पण हाताची बोटं कधीच उरकलेली नाहीत. मला विचाराल तर नंतरचा नागराज जास्त चकाचक झाला, स्नायू वाढले, पण ती बोटं गेली. यावर मित्रांशी माझं भांडण होतं. होऊ दे.

आणि एकटे मुळीक नव्हते. अमर चित्र कथेच्या 'कृष्ण'मधली चित्रं राम वाईरकरांची, टिंकलमधला सुपंडी पहिल्यांदा कागदावर आणला तोही त्यांनीच. आज सुपंडी त्यांची मुलगी काढते. अमर चित्र कथेच्या महाभारताचे बेचाळीस भाग दिलीप कदमांनी काढले, आणि त्याच कदमांनी राज कॉमिक्सचा भोकाल काढला. हिंदी पट्ट्यातल्या पोरांच्या बालपणावर इतक्या मराठी लोकांची शाई सांडलीये. आपल्याकडे मात्र चित्रकार म्हटलं की गॅलरीवाले आठवतात. कॉमिक्सवाले म्हणजे 'पोरांचं काढतात'.

जुन्या नागराजच्या पहिल्या पानावर श्रेयनामावली असायची. कलानिर्देशन प्रताप मुळीक. त्याखाली, चित्रं: चंदू. बस, चंदू. आडनाव नाही, काही नाही. अख्ख्या उत्तर भारतात ज्याची चित्रं पोरांनी वहीत गिरवली, तो छापील पानावर एवढाच. लहानपणी मला वाटायचं चंदू माझ्याएवढाच असेल, म्हणून फक्त नाव लिहिलंय. मी माझ्या वहीत माझंही तसंच लिहायचो, आडनावाशिवाय.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण हे दुखणं तिथे आधी झालं आणि तिथे त्यावर बोभाटाही झाला. सुपरमॅन ज्यांनी जन्माला घातला त्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. एकशे तीस. त्यासकट इतर कामाचे पैसे असलेला तो ४१२ डॉलरचा चेक २०१२ मध्ये लिलावात गेला, एक लाख साठ हजार डॉलरला. म्हणजे हक्क विकल्याचा कागद हक्कापेक्षा महाग. शुस्टर हा चित्रकार. पुढे त्याची नजर गेली, पोटासाठी सामान पोचवायची कामं केली. १९७५ मध्ये सुपरमॅनचा मोठा सिनेमा यायचा होता, तेव्हा नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन चित्रकारांनी ओरडा केला, वर्तमानपत्रं मागे लागली आणि कंपनीने दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर आणि श्रेयात नाव द्यायचं कबूल केलं. मला यातली नील ॲडम्सची गोष्ट आवडते. तो स्वतः तेव्हा जोरात होता, बॅटमॅन काढून नाव झालेलं. त्याला दुसऱ्याच्या भांडणात पडायची काही गरज नव्हती.

दुसरा जॅक कर्बी. कॅप्टन अमेरिका जो सायमनबरोबर, १९४१. साठच्या दशकात स्टॅन लीबरोबर फँटास्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन. आज मल्टिप्लेक्सला ज्याला आपण 'मार्व्हल' म्हणतो त्यातलं निम्मं या माणसाच्या पेन्सिलीतून आलंय. कर्बीला पैशाआधी हवी होती स्वतःची मूळ पानं. शाईची, हाताने काढलेली. १९८० च्या दशकात मार्व्हल चित्रकारांना जुनी पानं परत देऊ लागलं, बाकीच्यांना साधा छोटा कागद सही करायला, आणि कर्बीला चांगला लांबलचक, की पात्रांवर माझा काही दावा नाही. तो अडून बसला. इतर चित्रकार त्याच्या मागे उभे राहिले. १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं परत मिळाली. काढली होती कितीतरी हजार. १९९४ मध्ये तो गेला. त्याच्या मुलांचा आणि कंपनीचा समेट झाला २०१४ मध्ये, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दाराशी असताना.

आपल्याकडे असं काही घडल्याचं ऐकलंय कधी? चित्रकाराने कॉमिक्स कंपनीला कोर्टात खेचलं, सहकारी मागे उभे राहिले? आपली रीत वेगळी. 'काम मिळतंय ना, गप बस.' आणि खरं सांगायचं तर तेव्हा या कामातून मिळणाऱ्या पैशावर घरं चालली, दोन-दोन पोरं शिकली. त्या पिढीला मी नावं ठेवत नाही. त्यांनी विचारलं असतं तर दुसरा दहाजण रांगेत होता.

पण कायदा काय म्हणतो ते मी नंतर, फटका बसल्यावर वाचलं. १९५७ चा कॉपीराइट कायदा. मी वकील नाही, पण माझ्या कामापुरतं पाठ झालंय. काढणारा तो पहिला मालक, हा मूळ नियम. मग कलम १७ मधले अपवाद. तुम्ही नोकरीत असाल आणि नोकरीचा भाग म्हणून काढलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा मालक कंपनी. पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं, तर तिथेही मालक पैसे देणारा. बाकी ठिकाणी हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. आणि कलम १९ मध्ये एक मजेशीर गोष्ट आहे: किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणूनच प्रत्येक करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे दोन शब्द घुसडलेले असतात. ते शब्द उगाच नसतात. आमच्या भाचीच्या फॉर्मातसुद्धा पहिला होताच. सातवीतल्या पोरीच्या रेनकोटवालीसाठी.

सर्वांत महत्त्वाचं कलम ५७. हक्क विकले तरी 'हे मी काढलंय' म्हणायचा अधिकार काढणाऱ्याकडेच राहतो, आणि कामाची अशी मोडतोड केली की त्याच्या लौकिकाला धक्का बसेल, तर तो आडवा येऊ शकतो. अमरनाथ सहगल या शिल्पकाराचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भलंमोठं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं. तो माणूस भांडत राहिला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले भाग परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई. गीतकार-संगीतकारांसाठी २०१२ मध्ये कायदाच बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत होते म्हणून तो विषय तिथे पेटून मांडला गेला. कॉमिक्स, गेम आणि कार्टूनची पात्रं काढणाऱ्यांसाठी राज्यसभेत कोण बसलंय?

आता माझं. कंपनीचं नाव सांगणार नाही, फेज टूमध्ये होती, आता तिथे दुसरीच पाटी आहे. मी कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणून लागलो. गेम बनवायचे, बाहेरच्या ऑर्डरी. घरी कौतुक असं की जमीन गेली ती कंपन्यांना गेली, पण पोरगा त्याच कंपनीत चित्रं काढतो आणि पगार घेतो. वडील यात्रेत सांगत फिरायचे. तिथे मी एक पात्र काढलं, एक म्हातारा मेंढपाळ, काठी फिरवली की वारा सुटतो. चेहरा माझ्या आज्याचा. फेटा, गालावरचा व्रण, डावा खांदा किंचित खाली, कारण आजोबांनी आयुष्यभर डाव्या खांद्यावर ओझी वाहिली. अकरा महिने त्या एका पात्रावर होतो. समोरून, बाजूने, मागून, पळताना, पडताना, सगळं. गेम चालला. पात्र इतकं चाललं की त्याचं स्टिकर आलं, टीशर्ट आले, परदेशातल्या एका कंपनीने ते पुढे विकत घेतलं. श्रेयनामावलीत कंपनीचं नाव होतं. आमची टीम कमी केली तेव्हा मी एचआरला विचारलं, हे पात्र माझ्या कामाच्या नमुन्यांत दाखवू का? उत्तर आलं, नाही. सही बघा. बघितली. पान चौदा. माझीच, घाईतली, पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत केलेली.

मला राग पैशाचा नाही. पगार घेतला, काम दिलं, कायद्याने ते त्यांचंच. राग एवढाच, की पुढच्या भागात त्यांनी त्याचा खांदा सरळ केला. दोन्ही बाजू सारख्या असल्या की ॲनिमेशन सोपं जातं, म्हणून. आई ते मोबाइलवर बघून म्हणाली, "हे तात्या नाहीत."

हल्ली तर सहीचीही गरज नाही. यंदा यात्रेच्या फ्लेक्ससाठी पोरांनी एआयला सांगून चित्र करून आणलं. म्हातोबाचं बगाड म्हणे. चित्रात बगाडाला घोडे जुंपलेले आणि मागे राजस्थानातला किल्ला. तीन जणांना सहा-सहा बोटं. मी म्हटलं, अरे मला सांगायचं, दोन रात्रीत काढून दिलं असतं. तर एकजण म्हणाला, "भाऊ, तुम्ही पैसे मागता." खरंय, मागतो. तीन वर्षं फुकट काढून दिलं, चौथ्या वर्षी मागितले. फ्लेक्सवर खाली अठ्ठावीस जणांचे फोटो आणि नावं होती, शुभेच्छुक म्हणून. गेली तीन वर्षं चित्र माझं होतं तेव्हाही त्या यादीत माझं नाव नव्हतं, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

तर फॉर्म. मी कलम सातवर रेघ मारली आणि शेजारी पेनने लिहिलं: प्रथम क्रमांक आल्यास हे पात्र दोन वर्षे वापरण्यास परवानगी, प्रत्येक ठिकाणी विद्यार्थिनीचे नाव छापावे, इतर चित्रे परत मिळावीत. खाली सही. दुसऱ्या दिवशी आयोजकांचा फोन. माणूस सज्जन. "सर, लहान मुलांची स्पर्धा आहे हो, एवढं काय. हे कलम आम्ही नेटवरून घेतलेलं, आमच्यापैकी कुणी वाचलंही नव्हतं." मी म्हटलं, मग काढून टाका. "ते विचारावं लागेल. नाहीतर फॉर्म बाद होईल." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर सात पालकांनी रेघ मारली. बाकीच्यांचं म्हणणं, कशाला वकिली करता, पोरांना सर्टिफिकेट मिळू द्या. एक ताई म्हणाल्या, "माझ्या मुलाचं चित्र कोण चोरणार आहे?" त्यांचंही चुकीचं नाही. मलाही आज्याचा चेहरा कोण विकत घेणार आहे असंच वाटलं होतं.

बहीण म्हणते सायकल गेली तर तू घेऊन द्यायची. देईन.

भाचीला काल सगळं समजावून सांगितलं, सुपरमॅनचे १३० डॉलर, चंदू, पान चौदा, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, मग मी त्यांच्यासाठी दुसरा सुपरहिरो काढते, साधा. केप आणि चड्डीवाला. खड्डेश्वरी माझ्याकडेच ठेवते." हे तिला मी सांगितलेलं नव्हतं, पण कर्बीनेही शेवटी हेच केलं होतं. मार्व्हलला नवीन पात्रं द्यायची बंद केली, डोक्यातली मागे ठेवली आणि १९७० मध्ये ती घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला. तिथेही ती कंपनीचीच झाली, हा भाग मी तिला अजून सांगितलेला नाही.

फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे. ज्यांच्या घरी आलाय त्यांनी कलम सात वाचा, मग ठरवा. पेनने काय लिहायचं तो मजकूर खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय, तसाच उतरवला तरी चालेल. आणि कुणी पोरगं-पोरगी डिझाइनच्या, गेमच्या, ॲनिमेशनच्या नोकरीला लागत असेल तर सहीच्या आधी कागद घेऊन या. मी रविवारी सकाळी घरीच असतो, चहा आपला.